सोप्यातलं नेट परड्यापलीकडं नेताना

माडीच्या जिन्याची तिसरी पायरी दोन वर्षं माझं ऑफिस होती. मी शिरोली एमआयडीसीतल्या दोन फाउंड्र्यांचं आणि पेठेतल्या चार दुकानांचं हिशेबाचं आणि जीएसटीचं काम घरून करते. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० तारखेला ३बी, ही विवरणपत्रं भरायची. त्या दिवसांत मागच्या घरातल्या माझ्या टेबलावर पान उघडायचं, आकडे भरून व्हायचे, ओटीपी यायचा आणि तो टाकेपर्यंत पान गार पडलेलं असायचं. मग लॅपटॉप उचलून परडं ओलांडायचं, पुढच्या घरात यायचं आणि तिसऱ्या पायरीवर बसायचं. तिथं नेट टिकायचं. दुसरीवर टिकायचं नाही आणि चौथीवरही नाही. संध्याकाळी तीच पायरी लेकीला लागायची, कारण तिचे ऑनलाइन तास असायचे. एका २० तारखेला आम्ही दोघी त्या पायरीसाठी खरोखर भांडलो. त्या रात्री मी ठरवलं की हे आता नीट करायचं.

घराची मांडणी सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. शिवाजी पेठेतलं आमचं पुढचं घर मामंजींच्या आजोबांच्या वेळचं. खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत काळा दगड, त्यावर मातीत बांधलेली वीट, भिंत कुठं दीड फूट तर कुठं दोन. रस्त्याला लागून सोपा, मग माजघर, बाजूला देवघर, वर लाकडी तक्तपोशीची माडी. मागं अकरा मीटर लांब उघडं परडं. त्याच्या पलीकडं आम्ही २००६ साली बांधलेलं आरसीसीचं दुमजली घर, खाली स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. फायबर रस्त्यावरून सोप्यात येतो. मीटरच्या पेटीशेजारी त्याची ओएनटीची पेटी, म्हणजे फायबरमधून येणारं नेट घरात देणारी पेटी, आणि वाय-फाय त्या पेटीतूनच. म्हणजे नेट घराच्या एका टोकाला आणि माणसं दिवसभर दुसऱ्या टोकाला.

आधी आम्ही काय काय केलं ते सांगते, कारण बहुतेक घरांत हेच होतं. पहिल्यांदा प्लॅन वाढवला, १०० एमबीपीएसचा २०० केला. सोप्यात वेग दुप्पट झाला, माझ्या टेबलावर होता तसाच राहिला. नळाला पाणी जास्त आलं तरी बादली परड्यापलीकडं ठेवलेली असेल तर ती भरायची कशी? मग चार अँटेनांचा मोठा राउटर घेतला. मोबाइलवर एक कांडी वाढली, पण कामात फरक पडेना. याचं कारण मला फार उशिरा कळलं. राउटर कितीही मोठ्यानं बोलला तरी मोबाइलला आणि लॅपटॉपला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि त्यांचा आवाज लहानच असतो. बोलणं दोन्हीकडून ऐकू आलं तरच पुढं सरकतं.

तिसरा उपाय रिपीटरचा. परड्याकडच्या दाराशी प्लगमध्ये खोचला आणि स्वयंपाकघरात मोबाइलवर पूर्ण कांड्या दिसल्या. सासूबाईंना आनंद झाला. पण व्हिडिओ कॉल तसाच तुटायचा. त्या कांड्या मोबाइल आणि रिपीटर यांच्यामधल्या होत्या, रिपीटर आणि सोपा यांच्यामधला दुवा कमजोरच होता. शिवाय साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा सांगतो, त्यामुळं वेग निम्म्यावर येतो. त्या मोठ्या राउटरमध्ये आणि रिपीटरमध्ये साडेसहा हजार गेले.

लेक तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, "आई, आधी मोजूया. न मोजता किती दिवस वस्तू आणायच्या?" तिनं मोबाइलवर सिग्नल मोजायचं एक फुकट ॲप घेतलं आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं घराचा नकाशा काढला. मग आम्ही दोघी प्रत्येक खोलीत, प्रत्येक कोपऱ्यात उभ्या राहून आकडा लिहीत गेलो. हा आकडा डीबीएममध्ये येतो आणि उणे असतो. शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. व्हिडिओ कॉल न तुटता चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा लागतो. उणे ८० च्या खाली गेलं की नाव दिसतं, काम होत नाही.

सोप्यात उणे ४२. माजघरात उणे ६१. तिसऱ्या पायरीवर उणे ६४, कारण तिथून माजघराच्या दारातून सोप्यातली पेटी थेट नजरेला दिसते. चौथ्या पायरीवर दाराची चौकट आड येते. देवघरात उणे ७०. स्वयंपाकघरात उणे ८३, आणि माझ्या टेबलावर आकडा धड येतच नव्हता. वाय-फायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. हे सगळं २.४ चं. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतं पण भिंत कमी भेदतं. ते माजघर ओलांडून मागं येतच नव्हतं.

या आकड्यांचा हिशेब साधा नाही, तो कळल्यावर मला धक्काच बसला. तीन डीबी कमी झालं की ताकद निम्मी होते, दहा कमी झालं की दहावा हिस्सा उरतो. म्हणजे उणे ६१ आणि उणे ८३ यांत थोडा फरक दिसला तरी प्रत्यक्षात दीडशे पटींहून जास्त फरक आहे. माजघर आणि देवघर यांच्यामधल्या भिंतीला लोखंडी कपाट लावलेलं होतं. ते चार फूट सरकवल्यावर देवघरात सहा डीबी वाढले, एकही रुपया न घालता. पत्रा लहरींना परतवतो, दगड त्यांना गिळतो, आणि लाकूड बहुतेक सगळं जाऊ देतं. हे शेवटचं वाक्य पुढं आमच्या फार उपयोगी पडलं.

मामंजी नकाशा बघत बसले होते. ते म्हणाले, "म्हंजे किरणोत्सवागत आहे की हे." अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आणि वाटेत कुठं बांधकाम, फलक, काही आड आलं की किरणं मध्येच अडतात, हा कोल्हापुरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यातला विषय. मामंजींनी ती सरळ रेघ नकाशावर पेटीपासून माझ्या टेबलापर्यंत ओढली आणि वाटेतल्या भिंती मोजल्या. तीन दगडी, एक विटांची आणि वर स्लॅब. "सूर्य हलवता येत न्हाई. ही पेटी हलवता येती की," ते म्हणाले.

पेटी हलवून भागणार नव्हतं, कारण ती मागं नेली तर सोपा कोरडा पडला असता. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लहरींनी भिंती भेदाव्यात हा हट्ट सोडायचा. जिथं माणसं बसतात तिथपर्यंत तार न्यायची आणि तिथं लहान ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तारेतून आलेलं नेट वाय-फायनं पसरवणारी पेटी, लावायचा. तारेला भिंतीची जाडी कळत नाही. कॅट ६ ची तांब्याची केबल १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, वेग नेते, आणि आमचं घर तर टोकापासून टोकापर्यंत चाळीस मीटरही नाही. मेश राउटरचे, म्हणजे एकमेकांना जोडून घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्यांचे, संच हल्ली सगळीकडं सुचवतात. ते बिनतारी जोडले तर रिपीटरचाच प्रश्न जरा बऱ्या रूपात परत येतो. फ्लॅटमध्ये चालेल, दोन फुटी दगडात माझा त्याच्यावर विश्वास नाही.

वायरमन आला, भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला, "वहिनी, ही फोडायची म्हंजे दोन दिवस जातील बघा. आन् माती किती ढासळंल सांगता यायचं न्हाई." मामंजींनी तर आधीच बजावलं होतं, भिंतीला आणि माजघराच्या नक्षीच्या खांबाला हात लावायचा नाही. मलाही ते मान्यच होतं. वाट काढली ती सासूबाईंनी. "लँडलाइनची वायर कुठनं गेलती बघा की." सोप्याच्या आणि माजघराच्या मधल्या खिडकीच्या चौकटीत, वरच्या कोपऱ्यात, जुन्या टेलिफोनसाठी पाडलेलं भोक अजून तसंच होतं. वर्षानुवर्षं रंगाखाली बुजलेलं. ते मोकळं केलं आणि केबल त्यातून सहज गेली. जुन्या घरात नवी तार न्यायची असेल तर आधी जुन्या तारांच्या वाटा शोधाव्यात. टेलिफोन, केबल टीव्ही, देवघरातला दिवा, प्रत्येकासाठी कुणीतरी कधीतरी वाट काढून ठेवलेली असते. फक्त विजेच्या पाइपातून डेटा केबल न्यायची नाही. वायरमन तेच सोपं म्हणत होता. पण २३० व्होल्टच्या तारेचं वेष्टण आत कुठं घासलं तर वीज थेट उपकरणात आणि माणसात येऊ शकते. आम्ही दोन्ही तारांत फूटभर अंतर ठेवलं, आणि जिथं एकमेकींना ओलांडाव्या लागल्या तिथं काटकोनात ओलांडल्या.

परड्याचा प्रश्न सगळ्यात मोठा होता. मी केबल वरून, कपड्यांच्या तारेसारखी, न्यायच्या विचारात होते. आमच्या गल्लीतल्या फायबरच्या जोडण्या करणाऱ्या पोरानं मला थांबवलं. "वहिनी, उघड्यावरनं तांबं न्हेऊ नका. वळीव आला की पहिली तीच जळती." एप्रिल-मे महिन्यात इथं वळीव कसा कोसळतो हे सांगायला नको. वीज जवळपास जरी पडली तरी लांब तांब्याच्या तारेत दाब उठतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं घेऊन जातो. त्यात आमच्या दोन्ही घरांचं अर्थिंग वेगवेगळं, म्हणजे ती तार दोन अर्थिंग एकमेकांना जोडणार. त्यानं सुचवलं की परड्यातून तांबं नेऊच नका, फायबर न्या. काचेच्या धाग्यातून उजेड जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर नावाची तळहाताएवढी पेटी लावायची, ती तारेतल्या खुणांचा उजेड करते आणि उजेडाच्या परत खुणा.

ही गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. ज्यांची दोन घरं एका आवारात आहेत, मळ्यात घर आणि गोठा लांब आहे, त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. सगळा मिळून दोन हजारांचाही खर्च नाही.

रविवारी नवऱ्यानं आणि लेकीनं परड्याच्या कडेनं फूटभर खोल चर खणला, त्यात काळा एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाइप घातला. दोन्ही टोकं वर आल्यावर खाली वळवली म्हणजे पाऊस आत जाणार नाही. पाइपात फायबरसोबत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवली. उद्या दुसरं काही ओढायचं झालं तर परत खणायला नको. फायबरच्या काळ्या चपट्या केबलला आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते. ती आम्ही सोलून वेगळी केली, नाहीतर तांबं टाळून लोखंड नेलं असं झालं असतं. वळणं द्यायची तर माझ्या बांगडीपेक्षा लहान द्यायची नाहीत, हे त्या पोरानं बजावलं. जास्त मुडपलं की उजेड बाहेर सांडतो. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांत जातोच.

जोडणी झाली, दोन्ही पेट्यांना वीज दिली, आणि फायबरचा दिवा काही लागेना. टोकं पुसली, बदलून बघितली, तास गेला. शेवटी लेकीनं दोन्ही पेट्या उलट्या करून खालची चिठ्ठी वाचली. दोन्हींवर 'ए' लिहिलेलं. एका धाग्यावर चालणाऱ्या या पेट्या जोडीनं घ्याव्या लागतात, एक ए आणि एक बी. ए १३१० नॅनोमीटरच्या उजेडानं बोलते आणि १५५० च्या उजेडानं ऐकते, बी त्याच्या उलट. दोन ए एकमेकींशी बोलत होत्या आणि ऐकत मात्र कुणीच नव्हतं. दुकानदारानं चुकून दिल्या होत्या, दुसऱ्या दिवशी बदलून दिल्या. खरेदी करताना आणखी एक बघावं. ओएनटीच्या फायबरचं टोक हिरवं असतं, कन्व्हर्टरचं बहुधा निळं. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, ते निळ्यात खुपसू नये.

केबल घेताना मी चाकू घेऊन गेले होते, त्याचा उपयोग झाला. पहिल्या दुकानात 'कॅट ६' म्हणून दाखवलेल्या तारेचं टोक खरवडलं तर आतून पांढरं निघालं. म्हणजे ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. अशी तार मोडते लवकर आणि तिचा विरोध जास्त, त्यामुळं तिच्यातून उपकरणाला वीज पुरवायची असेल तर ती तापते आणि दाब गळतो. दुसऱ्या दुकानात खरवडल्यावरही लालच राहणारी मिळाली, मीटरला तीस रुपयांच्या आसपास. पूर्ण खोकं ३०५ मीटरचं असतं, पण आम्हाला ५५ मीटर पुरलं आणि दुकानदारानं मोजून दिलं.

तारेतून वीज जाते ही सोय म्हणजे पीओई. त्यामुळं ॲक्सेस पॉइंट जिथं हवा तिथं लावता येतो, तिथं प्लग असायची गरज नाही. आमच्या ॲक्सेस पॉइंटवर ८०२.३ एएफ लिहिलं होतं. या प्रकारात पुरवठा ४८ व्होल्टच्या आसपास होतो, आणि उपकरण कुठल्या जातीचं आहे हे आधी तपासूनच वीज सोडली जाते. मला एक २४ व्होल्टचा स्वस्त इंजेक्टर दाखवला होता, जो न विचारता वीज सोडतो. तो घेतला नाही. ॲक्सेस पॉइंटवर जो प्रकार लिहिलाय तोच पुरवठा घ्यावा, एवढं पाळलं की पुरे.

एक मात्र मी आधी विसरले होते. फायबरमधून वीज जात नाही म्हणूनच आपण तो घेतला, त्यामुळं पीओईही त्याच्यातून पलीकडं जाणार नाही. मागच्या घरात वेगळा लहान पीओई स्विच, म्हणजे एका तारेतलं नेट अनेक तारांत वाटणारी आणि सोबत वीजही देणारी पेटी, घ्यावा लागला.

मागच्या घरात तार वर न्यायचं काम सोपं जाईल असं वाटलं होतं. २००६ साली टीव्हीच्या केबलसाठी वेगळा पाइप टाकलेला होता. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधायची आणि वरून ओढायची. मध्येच एका वळणावर ती अडकली. वायरमन जोर लावायला लागला, तेव्हा लेकीनं त्याला थांबवलं. या केबलला साधारण अकरा किलोपेक्षा जास्त ताण द्यायचा नसतो, आतल्या पिळाच्या जोड्या ताणल्या जातात. केबल थोडी मागं घेतली, तिला टाल्कम पावडर चोळली, एकानं खालून ढकललं, एकानं वरून ओढलं, आणि ती सरकली. सोबत दुसरी केबलही ओढली. माझ्या अनुभवात हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च. तारेचे पैसे थोडे असतात, जास्त पैसे आणि श्रम जातात ते ओढण्यात.

टोकं बसवायचं काम लेकीनं केलं. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. केबलमधल्या आठ तारा बसवायचा हा टी५६८बीचा क्रम. घरात तो दिवसभर पाढ्यासारखा ऐकू येत होता. भिंतीतल्या केबलला तिनं थेट प्लग न लावता जॅक बसवले आणि तिथून पुढं तयार पॅच कॉर्ड. भिंतीतली तार कडक असते, रोज हलवली तर मोडते.

सगळं जोडलं, माझ्या टेबलावर वेग मोजला, ९४ आला. प्लॅन आम्ही परत १०० वर आणला होता, त्यामुळं मी खूश होते. लेकीचं लक्ष मात्र स्विचच्या दिव्याकडं. बाकीच्या खाचांचे दिवे हिरवे आणि माझ्या टेबलाच्या खाचेचा पिवळा. तिनं खालच्या आणि वरच्या लॅपटॉपमध्ये, इंटरनेट मध्ये न घेता, नुसत्या तारेवर वेग मोजला, तर ९४ च. "आई, गिगाबिट असतं तर ९४० च्या आसपास यायला पाहिजे." टेस्टर लावला. एक ते सहा दिवे लागले, सातवा लागला नाही. १०० एमबीपीएस चालायला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. सातवी तार जॅकमध्ये पुरती बसलीच नव्हती, आणि स्विच मुकाट्यानं १०० वर उतरून काम करत होता. प्लॅनचा वेग मिळतोय म्हणून आम्ही तसंच सोडलं असतं, तर ही खोट वर्षानुवर्षं भिंतीत राहिली असती. तिनं तो जॅक काढून परत बसवला आणि आकडा ९३८ आला. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरणार नाही.

ॲक्सेस पॉइंट दोनच घेतले. एक माजघराच्या तक्तपोशीला. खांबाला भोक न पाडता तुळईला पट्ट्यानं बांधला. वर लाकूडच असल्यामुळं माडीवर सिग्नल जवळजवळ तसाच जातो, दारातून सोपाही धरतो. दुसरा मागच्या घरात. मी तो माझ्या खोलीत लावणार होते, पण नकाशा बघून तो जिन्याच्या वळणावर लावला. तिथून खालचं स्वयंपाकघर आणि वरच्या दोन्ही खोल्या उघड्या दिसतात, स्लॅब मध्ये येत नाही. तिथं प्लग नाही, पण पीओईमुळं लागलाच नाही.

मांडणी करताना दोन गोष्टी नीट ठेवल्या. उपकरणांना नेटवर्कचे पत्ते, म्हणजे आयपी ॲड्रेस, वाटणारा एकच हवा. पूर्वी तो मोठा राउटर ओएनटीच्या मागं लावला होता तेव्हा दोघंही हे पत्ते वाटायचे आणि घरात दोन वेगळी नेटवर्क व्हायची. माझ्या खोलीतून सोप्यातला प्रिंटर दिसायचाच नाही, त्याचं कारण हेच. आता पत्ते फक्त ओएनटी वाटते, बाकी दोघं नुसते ॲक्सेस पॉइंट. ओएनटीचं स्वतःचं वाय-फाय बंद केलं. दोन्हीकडं नाव एक आणि पासवर्ड एक. २.४ वर आमच्या गल्लीत चौदा नेटवर्कं दिसतात, म्हणून माजघराला चॅनल १ आणि जिन्याला ११. या पट्ट्यात १, ६ आणि ११ हेच एकमेकांवर चढत नाहीत. आधी आपोआप ४ निवडला गेला होता, तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो.

दुसरी गोष्ट ताकदीची. मी दोन्ही ॲक्सेस पॉइंट पूर्ण ताकदीवर ठेवले होते. कॉलवर बोलत मी माजघरातून मागं गेले की मोबाइल माजघरालाच चिकटून राहायचा आणि आवाज तुटायचा. कधी सोडायचं आणि कुणाला धरायचं हे मोबाइल ठरवतो, आपण नाही. माजघराचा आवाज लांबूनही ऐकू येत असेल तर तो सोडेल कशाला? २.४ ची ताकद कमी केली, ५ ची मध्यम ठेवली, आणि मोबाइलला शेजारचा ॲक्सेस पॉइंट सुचवणाऱ्या ८०२.११ के आणि व्ही या दोन सोयी चालू केल्या. आर ही तिसरी सोय चालू केल्यावर सासूबाईंचा जुना मोबाइल जोडलाच जाईना, म्हणून बंद ठेवली. आता परडं ओलांडताना बोलणं तुटत नाही.

वीज जाते तेव्हाचं राहिलं होतं. फायबरला वाटेत गल्लीच्या विजेची गरज नसते, घरातली पेटी चालू असली की नेट चालतं. म्हणून दोन्ही टोकांना लहान यूपीएस लावले. पावसाळ्यात आमच्याकडं दिवसातून दोन-तीनदा वीज जाते, पण नेट गेलेलं नाही. सोप्यातली जोडणी दगडी भिंतीपासून सुटी, लाकडी फळीवर ठेवली आहे, कारण आषाढात त्या भिंतीला ओल येते आणि जॅकची टोकं हिरवी पडतात.

सगळा खर्च साडेअठरा हजारांच्या आत झाला, वायरमनच्या दोन दिवसांच्या मजुरीसकट. जुना राउटर आणि रिपीटर घेतलेच नसते तर याचा तिसरा हिस्सा तिथंच निघाला असता.

नकाशावर आता नव्या शाईनं नवे आकडे आहेत. सोपा उणे ५८, देवघर उणे ५५, स्वयंपाकघर उणे ५१, माझं टेबल तारेवर. गेल्या २० तारखेला मी तीन ३बी दुपारच्या चहाआधी भरल्या. तो नकाशा मामंजींनी मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवला आहे. कुठली तार कुठून जाते, कुठं वळते, परड्यात पाइप भिंतीपासून किती इंचांवर आहे, हे सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. जास्तीच्या केबलच्या दोन्ही टोकांना त्यांनी चिठ्ठी बांधली आहे, 'शिल्लक, वर'. लेकीला ती गच्चीवर न्यायची आहे. मामंजी म्हणतात दिवाळीनंतर बघू, आधी कौलं शाकारून घेऊ.